अंधारातल्या डिशमध्येही सिग्नल: ऑप्टोजेनेटिक्समधला दर पावसाळ्यात परतणारा घोळ

ऑप्टोजेनेटिक्स म्हणजे पेशींतली प्रथिनं उजेडाने चालू-बंद करणं. त्यातली तक्रार साधारण अशी असते. पेशींमध्ये निळ्या उजेडाने चालू होणारं प्रथिन घातलंय. एका डिशवर एलईडी लावला, दुसरी फॉइलमध्ये गुंडाळून ठेवली. उजेडातली चालू दिसायला हवी, फॉइलमधली बंद. प्रत्यक्षात दोन्ही चालू. कधी फॉइलमधली थोडी मंद, कधी जवळजवळ बरोबरीची. पुन्हा केलं की नीट येतं, आणि आता सुटलं म्हणेपर्यंत परत बिघडतं. मग विद्यार्थी प्लास्मिडला, म्हणजे प्रथिनाचं जनुक वाहणाऱ्या डीएनएला दोष देतो, गाईड विद्यार्थ्याला, आणि शेवटी कोणीतरी नवं ट्रान्सफेक्शन किट, म्हणजे तो डीएनए पेशीत घालायचं सामान मागवतं. आग सोमेश्वरी, बंब रामेश्वरी.

रत्नागिरीकडे लहान कल्चर रूम सांभाळताना माझं एक मत पक्कं झालंय. बहुतेक वेळा प्रथिन निर्दोष असतं, ती डिशच अंधारात नसते. आणि हा घोळ उन्हाळ्यापेक्षा जून ते सप्टेंबरमध्ये जास्त का दिसतो, याचं कारण आपल्याकडच्या वीजपुरवठ्यात आहे. ते पुढे येईलच.

इथे गृहीत धरलंय की तुम्ही क्रिप्टोक्रोम २, म्हणजे रोजच्या बोलण्यातलं क्राय२, किंवा ओटच्या रोपातल्या एलओव्ही२ वर बेतलेलं आयलिड वापरताय, आणि बघताय तो ईआरके, म्हणजे पेशीला वाढीचा संकेत पोहोचवणारा मार्ग, किंवा तत्सम. चॅनलऱ्होडॉप्सिन, म्हणजे उजेडाने उघडणारी आयनांची वाट, वापरणाऱ्यांनाही बरंचसं लागू पडेल.

किती उजेड पुरतो

इथे सगळ्यांचा अंदाज चुकतो. क्राय२ हे अरॅबिडॉप्सिस या मोहरीच्या कुळातल्या छोट्या रोपातलं प्रथिन. रोपात त्याचं कामच मंद निळा उजेड ओळखण्याचं. २०१० मध्ये ते सीआयबी१ या जोडीदारासह सस्तन पेशींत वापरता येतं हे दाखवलं गेलं, आणि तेव्हापासून आपण त्याच्या संवेदनशीलतेचा फायदा घेतोय. तीच संवेदनशीलता कंट्रोल डिशमध्ये अंगाशी येते.

ढोबळ हिशोब करू. कामाच्या टेबलावर साधारण ५०० लक्स उजेड असतो. पांढऱ्या एलईडी ट्यूबचा असला, तर तो सुमारे ०.१६ मिलिवॉट प्रति चौरस सेंटिमीटर भरतो. एका मिनिटात झाले नऊ-दहा मिलिज्यूल. थंड पांढऱ्या ट्यूबमध्ये त्यातला पाव हिस्सा निळा धरा, म्हणजे सव्वादोन-अडीच मिलिज्यूल. आता प्रयोगातला उजेड बघा: तेवढ्याच जागेवर १ मिलिवॉट टाकणारा निळा एलईडी दोन सेकंद लावला, तर भरतात २ मिलिज्यूल. म्हणजे उघडी डिश ट्यूबखाली मिनिटभर राहिली, की प्रयोगातल्या दोन सेकंदांच्या पल्सइतका निळा प्रकाश तिला फुकटात मिळाला. मीडियम, म्हणजे पेशींचं पोषक द्रव, बदलायला एक मिनिट सहज जातं.

पांढरा एलईडी मुळात निळाच असतो, हे बरेच जण विसरतात. आतली चिप ४५० नॅनोमीटरच्या आसपास निळा प्रकाश देते, वरचा पिवळा फॉस्फर त्यातला काही भाग पिवळ्यात बदलतो, आणि उरलेला निळा तसाच बाहेर येतो. क्राय२ आणि एलओव्ही२ दोघांचंही शोषण नेमकं ४५० च्या आसपास सर्वात जास्त. जुन्या पिवळ्या बल्बच्या उजेडात निळा भाग बराच कमी असायचा. इमारतीतले दिवे बदलल्यापासून प्रयोग बिघडायला लागले असतील, तर ही वेळ जुळणं योगायोग मानू नका.

आधी गळती कुठे आहे ते शोधा

लोक इथे एकदम सगळं बदलतात. नवी फॉइल, नवी खोली, नवा क्लोन, सगळं एकाच आठवड्यात. मग सुधारलं तरी कशामुळे ते कळत नाही. त्यापेक्षा डिशच्या प्रवासाचे तुकडे पाडा आणि प्रत्येक तुकड्यावर एक नमुना थांबवा.

कव्हरस्लिपांवर, म्हणजे पातळ काचेच्या तुकड्यांवर पेशी वाढवा, सगळ्या एकाच दिवशी, एकाच ट्रान्सफेक्शनच्या. पहिली इन्क्युबेटरमधून अंधारातच काढून तिथेच ४ टक्के पॅराफॉर्मल्डिहाइडमध्ये टाकून फिक्स करा, म्हणजे पेशी आहेत त्या स्थितीत गोठतील. दुसरी फॉइलमध्ये गुंडाळून हूडपर्यंत न्या आणि मग फिक्स करा. तिसरीचं मीडियम बदला, मग फिक्स. चौथी मायक्रोस्कोपच्या खोलीत नेऊन, पाचवी स्टेजवर ठेवून, सहावी फोकस करून झाल्यावर. सगळ्या फिक्स झाल्या, की फॉस्फो-ईआरकेच्या, म्हणजे चालू असलेला ईआरके ओळखणाऱ्या अँटिबॉडीने एकत्र रंगवा. एक लक्षात ठेवा: उजेड पडल्यापासून ईआरके चढायला काही मिनिटं लागतात. त्यामुळे प्रत्येक टप्प्यानंतर पाच-सात मिनिटं अंधारात थांबून मगच फिक्स करा, नाहीतर गळती पुढच्या टप्प्याच्या नावावर लागेल.

जिथे उडी दिसते तिथे गळती. मीडियम बदलल्यावर उडी आली, तर ती उजेडाची की नव्या सीरमची हा वेगळा प्रश्न, त्यावर खाली लिहिलंय.

अँटिबॉडीचा खर्च नको असेल तर याहून स्वस्त युक्ती आहे. एमचेरी हे लाल चमकणारं प्रथिन जोडलेलं क्राय२ऑलिग, म्हणजे क्राय२चा एक बदललेला प्रकार, घाला. निळा उजेड मिळाला की हे प्रथिन स्वतःशीच चिकटून गोळे करतं. अंधारात पेशी गुळगुळीत लाल दिसते, उजेड लागलेली ठिपक्याठिपक्यांची. पेशीच उजेडमापक झाली. एमचेरी बघायला ५६१ नॅनोमीटरचा लेझर किंवा हिरवा-पिवळा फिल्टर लागतो आणि क्राय२ तो जवळजवळ घेतच नाही, त्यामुळे बघण्याने काही बिघडत नाही. नव्या विद्यार्थ्याला उजेडाची शिस्त लावायची असेल, तर भाषणापेक्षा हे ठिपके लवकर पटतात.

लाईट गेल्यावर काय होतं

आता पावसाळा. आपल्या किनाऱ्यावर जूनच्या पहिल्या वादळी पावसापासून वीज ये-जा करायला लागते. यूपीएसवर मायक्रोस्कोप आणि कॉम्प्युटर चालू राहतात, म्हणून टाइमलॅप्स तुटत नाही आणि प्रयोग सुखरूप पार पडला असं वाटतं. बिघाड नेमका त्यात लपतो.

आमच्याकडे रात्रभराच्या टाइमलॅप्समध्ये अंधारातल्या पेशी मध्येच एकदम चढायच्या. खुणेची गोष्ट म्हणजे सगळी फील्ड्स एकाच फ्रेमपासून चढायची. पेशींचा स्वतःचा चढउतार असता तर एक पेशी आत्ता, दुसरी दहा मिनिटांनी असं विस्कळित दिसलं असतं. सगळ्या एकदम म्हणजे बाहेरून काहीतरी आलं. आम्ही लेझरचं शटर तपासत बसलो होतो. तेवढ्यात प्रयोगशाळेतले मामा म्हणाले, "मॅडम, रात्री लाईट गेली की तो कोपऱ्यातला दिवा आपोआप लागतो, तो चालतो ना तुम्हाला?" कपाटावर चार्जिंगला लावलेला इमर्जन्सी लॅम्प. वीज गेली की तो स्वतःहून पेटायचा, थेट स्टेजच्या दिशेने तोंड करून. यूपीएसच्या नोंदीतल्या वेळा आणि फ्रेमच्या वेळा शेजारी मांडल्या, आणि जुळल्या.

हे तपासायची पद्धत साधी आहे. पेशींचे प्रयोग चालू नसताना रात्री खोलीत बसा, दार लावा, डोळे सरावायला दहा मिनिटं द्या आणि मग कोणाला तरी खोलीचा एमसीबी पाडायला सांगा. काय काय पेटतं ते बघा. इमर्जन्सी लॅम्प, यूपीएसचा डिस्प्ले, स्टॅबिलायझरचा दिवा, मॉनिटरचा निळा ठिपका. मग वीज परत द्या आणि परत बघा, कारण अर्धी गंमत वीज येण्याच्या क्षणी घडते.

ती गंमत म्हणजे घरी बनवलेली एलईडी प्लेट. स्वस्तात काम भागवायचं म्हणून बरेच जण नोडएमसीयू किंवा अर्डुइनोवर एलईडी चालवतात. चांगली गोष्ट आहे, विकतच्या यंत्राला लाखभर कशाला घालवायचे. पण वीज आल्यावर बोर्ड नव्याने सुरू होतो, आणि प्रोग्रॅम पिनांचा ताबा घेईपर्यंतच्या क्षणात एलईडी चालू-बंद करणाऱ्या मॉस्फेटचं गेट तरंगत असतं. तेवढ्यात सगळे एलईडी एकदा लख्ख चमकून जातात. विजेने रात्रीत चार हेलकावे खाल्ले, तर अंधारातल्या डिशना चार पल्स मिळाले. उपाय दहा पैशांचा: गेट आणि ग्राउंड यांच्यामध्ये १० किलोओहमचा रेझिस्टर. नोडएमसीयू असेल तर एलईडीसाठी डी१ किंवा डी२ पिन घ्या, सुरू होताना त्या शांत राहतात. डी४ टाळा. ती सुरुवातीलाच वर जाते, आणि बोर्डावरचा तो निळा दिवाही तिलाच जोडलेला असतो. त्या दिव्यावर काळी इन्सुलेशन टेप लावा. प्लेट इन्क्युबेटरमध्ये असेल आणि त्याच खणात अंधारातली डिश असेल, तर तो एवढासा दिवा रात्रभर तिच्या उशाशी जळत असतो.

तिसरा आरोपी सगळ्यांच्या खिशात आहे. वीज गेली की माणूस मोबाईलचा टॉर्च लावून इन्क्युबेटरचं तापमान बघायला धावतो. दार उघडतो, आत टॉर्च मारतो, पाण्याचा ट्रे बघतो, दार लावतो. हेतू चांगला, पण टॉर्च म्हणजे पांढरा एलईडी आणि तो हातभर अंतरावरून. कल्चर रूमच्या दाराशी एक लाल सायकल-दिवा टांगून ठेवा आणि सगळ्यांना सांगा की वीज गेली तर हाच घ्यायचा. दारावर कागद चिकटवून भागत नाही, हाताशी दिवा लागतो.

बघण्याचाच उजेड

पावसाळा नसतानाही बिघडत असेल तर संशय मायक्रोस्कोपवर घ्या. पेशी जिवंत आहेत ना, हे बघायला आपण फेज काँट्रास्ट लावतो. तो दिवा नव्या यंत्रांत पांढरा एलईडी असतो आणि कंडेन्सर तो नेमका पेशींवर गोळा करून टाकतो. फोकस सापडेपर्यंत गेलेला अर्धा मिनिट ट्यूबखालच्या कित्येक मिनिटांच्या बरोबरीचा ठरू शकतो. दिव्याच्या वाटेत ५९० नॅनोमीटरच्या वरचाच प्रकाश सोडणारा लाँगपास फिल्टर बसवा. तो महाग वाटला तर नाटकाच्या दिव्यांना लावतात तो लाल जिलेटिन कागद चालतो. आपल्याकडे नमन आणि दशावतारासाठी दिवे भाड्याने देणाऱ्यांकडे तुकडा सहज मिळेल. मात्र डोळ्याला लाल दिसला म्हणजे निळा अडला असं धरू नका. कागदातून आलेला उजेड जुन्या डीव्हीडीच्या चकचकीत बाजूवर तिरका पाडा आणि रंगांचा पट्टा बघा. निळी रेघ उरलेली दिसली तर दुहेरी घडी करा, तरीही दिसली तर तो कागद नाटकालाच परत द्या.

दुसरी नेहमीची अडचण म्हणजे जीएफपी, निळ्या प्रकाशात हिरवं चमकणारं प्रथिन. ट्रान्सफेक्शन कितपत झालं ते बघायला ४८८ नॅनोमीटर लावला की क्राय२ चालू झालंच. प्लास्मिड मागवतानाच एमचेरी किंवा अवरक्ताजवळ चमकणारं आयआरएफपी जोडलेलं घ्या. संकेत मोजणारा सेन्सरही तसाच निवडा. सीएफपी-वायएफपी या निळसर-पिवळ्या चमकणाऱ्या प्रथिनांच्या जोडीवर चालणारे फ्रेट सेन्सर सुंदर असतात, पण सीएफपी उत्तेजित करणारा निळसर-जांभळा प्रकाश आणि क्राय२चा प्रकाश एकमेकांच्या अंगावर पडतात. अशा वेळी ईआरकेसाठी केटीआर बरा. २०१४ मध्ये आलेला हा सेन्सर ईआरके चालू असताना केंद्रकाबाहेर जातो आणि बंद झाल्यावर परत आत येतो. रंगाशी त्याचं काही बांधलेलं नाही, त्यामुळे त्याला लाल किंवा अवरक्ताजवळचं प्रथिन जोडता येतं.

कॅल्शियमवाल्यांसाठी एक इशारा. चॅनलऱ्होडॉप्सिन निळ्यावर, म्हणून कॅल्शियम लाल सेन्सरने मोजायचं, हे तर्काला धरून आहे. पण एमॲपल या लाल चमकणाऱ्या प्रथिनावर बेतलेले जेआरजेको१ए सारखे सेन्सर निळ्या पल्सने स्वतःच उजळतात, कॅल्शियम वाढलेलं नसतानाही. चॅनलऱ्होडॉप्सिन न घातलेल्या पेशींना तोच पल्स द्या. तरीही आलेख चढला तर तो सेन्सरचा चढ.

लेन्सवरची बुरशी हा आपल्या किनाऱ्याचा आणखी एक रोग. बुरशी आली की चित्र मळकट होतं, आणि मग हात आपोआप दिव्याचा नॉब वाढवतो. ऑब्जेक्टिव्ह वापरात नसताना सिलिका जेलच्या घट्ट डब्यात ठेवा, एवढंच.

उजेड नसूनही चालू

वरचं सगळं करूनही अंधारातली डिश चालूच असेल, तर आता प्रथिनाकडे वळा. इथे एक कंट्रोल निर्णायक आहे: उजेड न घेणारं म्युटंट. क्राय२साठी डी३८७ए, एलओव्ही२साठी सी४५०ए. त्यात म्युटंट शांत आणि मूळ प्रथिन चालू असेल, तर अजूनही उजेड गळतोय, परत मागे जा. दोन्ही सारखेच चालू असतील तर उजेडाचा संबंध नाही.

मग पहिला संशय अतिरेकी प्रमाणावर. सीएमव्ही प्रमोटर, म्हणजे जनुक जोरात चालवणारा डीएनएचा तुकडा, लावला की क्राय२ भरमसाट बनतं आणि जोडीदार प्रथिनं नुसत्या गर्दीमुळेही भेटतात. पेशी वेगळ्या करायचं यंत्र लहान ठिकाणी नसतं, त्यामुळे प्लास्मिडचं प्रमाण निम्मं-चतुर्थांश करून बघा आणि मोजताना फक्त मंद लाल दिसणाऱ्या पेशी घ्या. झगमगणाऱ्या पेशी छायाचित्राला छान, मोजमापाला वाईट. बीपॅक, म्हणजे निळ्या उजेडात सीएएमपी हा संकेत-रेणू बनवणारं प्रथिन, वापरणाऱ्यांनी तर हे आधी करावं. ते अंधारातही किंचित सीएएमपी बनवत राहतं आणि जास्त भरलं की ते किंचितही बरंच होतं.

दुसरा संशय सीरम आणि धक्का. ताजं मीडियम घातलं की त्यातल्या वाढघटकांनी ईआरके चढतो, यात कसली नवलाई नाही. पण नुसतं पिपेटने जोरात घातलं तरी बऱ्याच पेशी उत्तर देतात. धक्क्याला संकेत देणं पेशींच्या फार जुन्या सवयीतलं आहे. काही वर्षांपासून कोकण किनाऱ्यावर रात्री लाटा निळ्या चमकल्याच्या बातम्या येतात, तो नॉक्टिल्युका. लाट आपटली की त्या एका पेशीच्या पडद्यावरून विद्युत संकेत धावतो आणि ती चमकते. आपल्या डिशमधल्या पेशी चमकत नाहीत, पण धक्का त्यांनाही कळतो. म्हणून सीरम उतरवून निदान काही तास थांबा आणि शेवटचं मीडियम भिंतीवरून हळू सोडा.

आता उलट बाजू. प्रथिन न घातलेल्या पेशींनाही निळा उजेड द्या. हा कंट्रोल लोक सर्रास गाळतात. डीएमईएम या नेहमीच्या मीडियममध्ये लिटरला ०.४ मिलिग्रॅम रायबोफ्लेविन असतं. ते निळा प्रकाश घेतं आणि हायड्रोजन पेरॉक्साइड तयार होतं, हेपेस हा आम्लता स्थिर ठेवणारा बफर असेल तर अधिकच. पेरॉक्साइड स्वतःच संकेतमार्ग चालू करतं. शिवाय एलईडी प्लेट गरम होते. एप्रिल-मेमध्ये खोली आधीच बत्तीस-तेहतीस अंशांवर असताना डिशच्या तळाशी थर्मोकपल चिकटवून बघा, आश्चर्य वाटेल. सलग उजेडाऐवजी छोटे पल्स, रायबोफ्लेविन आणि फेनॉल रेड नसलेलं मीडियम, आणि प्लेटखाली ॲल्युमिनियमचा तुकडा, एवढ्याने बहुतेक भागतं.

चुकून उजेड लागला तर

डिश फेकायची का, हे प्रथिनावर आहे. क्राय२ची जोडी अंधारात साधारण साडेपाच मिनिटांत निम्मी सुटते, म्हणजे अर्धा तास अंधारात ठेवलं तर दोन-अडीच टक्के उरते. आयलिडला मिनिट-दोन मिनिटं पुरतात. पण हा हिशोब फक्त प्रथिनाचा. तुम्ही जनुकाचं लेखन मोजत असाल, म्हणजे शेवटी लुसिफरेज किंवा जीएफपी बनतंय, तर मधल्या काळात बनलेलं कुठे जात नाही, ते साचत राहतं. अशा प्रयोगात रात्रभराच्या चिमूटभर गळतीचाही सकाळी ढीग होतो. तिथे डिश बाद करा.

फायटोक्रोम बी या रोपांतल्या दुसऱ्या उजेड ओळखणाऱ्या प्रथिनाची गोष्ट वेगळी. ते ६५० नॅनोमीटरच्या लाल प्रकाशाने चालू होतं आणि ७५० च्या आसपासच्या प्रकाशाने बंद. ईआरकेच्या मार्गावर ते २०१३ मध्ये फार सुरेख वापरलं गेलं. पण नुसत्या अंधारात ते तासन् तास चालूच राहतं, त्यामुळे 'अर्धा तास थांबू' इथे चालत नाही, ७५० चा पल्स देऊनच ते बंद करावं लागतं. आणि क्राय२साठी दाराशी टांगलेला लाल सायकल-दिवा याच्यासाठी नेमका घातक. दोन्ही प्रणाली एकाच खोलीत चालत असतील, तर फायटोक्रोमवाल्यांसाठी मंद हिरवा दिवा वेगळा ठेवा आणि दोन्ही दिव्यांवर कोणाचा कोणता ते मोठ्या अक्षरात लिहा.